हनुवटीखालचा हात

शैला ओव्हाळनं पाव शतक नोकऱ्या केल्या. कंपन्या बदलल्या, टेबलं बदलली, यंत्रं बदलली. काम मात्र फिरून फिरून एकच वाट्याला आलं. समोरच्याला नाव विचारायचं, आणि सांगतोय तोच तो आहे का, हे तपासायचं.

तिचं बालपण बोपोडीत गेलं. वडील दशरथ खडकीच्या कारखान्यात कामगार. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घराला एक वळण लागलेलं होतं. मुलींनीही शिकायचं, आणि कुणी नाव विचारलं तर आडनावासकट सांगायचं, मान खाली न घालता. शैलानं बी.कॉम. केलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि सत्त्याण्णवच्या सुमारास कर्वे रस्त्यावरच्या एका गाळ्यात डेटा एंट्रीला लागली. पुण्यात मोबाइल तेव्हा नवे होते. ज्यांनी घेतले त्यांचे अर्ज पोत्यांत भरून त्या गाळ्यात यायचे, आणि मुली ते संगणकात उतरवायच्या. उतरवून झालेली पोती संडासाच्या बोळात रचलेली असत. कुणाचा पासपोर्ट फोटो टाचणीतून सुटून ओल्या फरशीला चिकटलेला असायचा आणि येणारे-जाणारे त्यावर पाय देऊन जायचे.

एका दुपारी मुलींनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून भजी आणली. शैलानं पुडी सोडली तर कागदावर एका बाईचा फोटो. खाली तिचं नाव, सोसायटीचं नाव, जन्मतारीख, सही. तेलानं चेहरा आरपार दिसायला लागला होता आणि कपाळाला मिरचीचं देठ चिकटलं होतं. अर्ज त्यांच्याच गाळ्यातला होता. शैला तशीच पुडी घेऊन मालकाकडे गेली.

मालकानं पुडी पाहिली, शैलाला पाहिलं. "मग भजी खाऊ नका," तो म्हणाला. "तब्येतीलाही बरं."

तिला त्या दिवशी जी शिसारी आली ती नंतर पुरती गेलीच नाही. ती गाळा सोडून एका बँकेच्या फोन सेवेत गेली. तिथं आईचं माहेरचं नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, मग शिल्लक सांगायची. पेठेतला एखादा खातेदार उलट तिलाच विचारायचा, "ओव्हाळ? म्हणजे मूळचे कुठले आपण?" शैला शांतपणे म्हणायची, "साहेब, पडताळणी आपली चालू आहे." मग जन्मतारीख यायची.

हा प्रश्न तिला नवा नव्हता. सुखदेवशी लग्न झाल्यावर दोघं खोली शोधत हिंडली तेव्हा नावापर्यंत सगळं गोड असायचं. आडनाव सांगितलं की त्याच खोलीत राहायला घरमालकाचा पुतण्या येणार असायचा. सुखदेव स्वारगेट डेपोत ड्रायव्हर होता. शेवटी दोघांनी कर्ज काढून धायरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दारावर नावाची पाटी लावली ती चांगली ठसठशीत, जिन्यातून वाचता येईल अशी.

करोनात फोन सेवेचं कार्यालय बंद झालं. वर्षभर घरी काढल्यावर तिला नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडच्या एका काचेच्या इमारतीत काम मिळालं. लोक आता घरबसल्या मोबाइलवरून बँकेत खातं उघडत. त्यासाठी व्हिडिओ कॉलवर एका अधिकाऱ्यासमोर यायचं, पॅन कार्ड दाखवायचं, डोळे मिचकावायचे, एकदोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. अधिकाऱ्यानं 'मंजूर' दाबलं की खातं चालू. अशा अधिकाऱ्यांत शैला बसली. कागदोपत्री ही सगळी मंडळी बँकेची होती आणि पगाराला एका ठेकेदार कंपनीची. बाकीची पोरं विशी-पंचविशीतली. ती सगळी शैलाला मॅम म्हणायची.

प्रत्येकाला प्लायवूडच्या आडोशाचं एक खोकं. खोक्यात एक खुर्ची, एक संगणक, मागे बँकेचं नाव छापलेला पडदा. आणि खुंटीला एक निळा कोट. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचं दिसतं, म्हणून कोट सक्तीचा. पण खोक्याला एकच. सकाळच्या पाळीतला उतरवायचा, दुपारच्या पाळीतला चढवायचा. कोट कधी धुतला जात नसे. कॉलरला तेलकट काळी रेघ, काखेत घामाचे पांढरे नकाशे, आणि वर कुणीतरी मारलेला अत्तराचा फवारा. पहिल्याच दिवशी शैलाच्या घशाशी आलं. दुसऱ्या दिवसापासून ती गळ्याभोवती स्वतःचा रुमाल गुंडाळून मग कोट घालू लागली.

काम मात्र ती नीट करायची. समोरचा माणूस गोंधळला तर थांबायची. आजूबाजूच्या खोक्यांतून कॉल फटाफट उडायचे.

दिवाळीनंतर तिच्या पडद्यावर ती भिंत येऊ लागली. फिकट गुलाबी, एका कोपऱ्यात ओल धरून पोपडे सुटलेली. भिंतीपुढे प्रत्येक वेळी वेगळी बाई. कुणी म्हातारी, कुणी मधल्या वयाची, बहुतेक पहिल्यांदाच स्वतःला मोबाइलमध्ये बघणाऱ्या. नाव विचारलं की त्या कॅमेऱ्याच्या डावीकडे बघायच्या. तिथून कुणीतरी काहीतरी पुटपुटायचं आणि मग त्या उत्तर द्यायच्या. आणि एखादीचा चेहरा चौकटीत नीट बसला नाही की बाजूनं एक हात यायचा. पुरुषाचा, गोरा, गुबगुबीत, बोटात जांभळ्या खड्याची अंगठी. तो हात बाईची हनुवटी पकडायचा आणि तिचं तोंड वर करायचा. बाजारात शेरडाचे दात बघताना उचलतात तसं. हात गेला की हनुवटीवर बोटांचे ठसे उमटलेले दिसायचे, आणि ती तशीच वर तोंड करून थांबायची.

शैला पहिल्यांदा नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्या अंगाला हात लावू नका. बाई, तुम्ही एकट्याच पुढे बसा. हे खातं कशासाठी उघडताय?"

बाईनं डावीकडे पाहिलं. "रेशनचं हाय न्हवं हे?" तिनं विचारलं.

शैलानं 'नामंजूर' दाबलं आणि कारण लिहिलं: ग्राहकाला खात्याची कल्पना नाही, दुसरी व्यक्ती सूचना देत आहे. पुढची बाई, पुन्हा तीच भिंत, पुन्हा तोच हात. पुन्हा नामंजूर. पण असा कॉल पुन्हा रांगेत लागायचा आणि दुसऱ्या खोक्यात जाऊन मंजूर व्हायचा. शेजारच्या खोक्यातून निकिताचा आवाज तिला ऐकू यायचा. "चेहरा थोडा वर. ब्लिंक करा. थँक यू, हॅव अ नाइस डे." निकिता बावीस वर्षांची, लातूरकडची, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी. ती पडद्याकडे बघतच नसे.

शैलानं तिला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तो हात दिसतो का गं तुला?"

"कोणता हात, मॅम?"

चेतन त्यांचा टीम लीडर. वयानं शैलाच्या निम्मा असेल. बोलताना हसायचा आणि हसताना दुसऱ्याच पडद्याकडे बघायचा.

"शैला मॅम, तुमचा रिजेक्शन रेट बघा ना जरा. क्लायंट विचारतो मला."

"एकाच भिंतीपुढून खाती उघडतायत, सर. लोकेशन एकच येतंय, धायरीचं. बायकांना माहीत नाही खातं कशाचं. कुणीतरी त्यांच्या नावानं खाती काढून वापरणार आहे. चोरीचे पैसे फिरवायला अशीच खाती लागतात."

"शक्य आहे," चेतन म्हणाला. "पण आपलं काम काय आहे? फेस मॅच झाला का? झाला. पॅन ओरिजिनल आहे का? आहे. ओटीपी आला का? आला. मग माणूस खरा आहे."

"माणूस खरा आहेच. म्हणून तर."

"तेच म्हणतोय मी," चेतन हसला. "आपण फार इमोशनल नाही व्हायचं."

शैला खोक्यात परत गेली. कोट अंगावर चढवताना तिला त्या कॉलरपेक्षा स्वतःच्याच मानेची किळस आली.

त्याच आठवड्यात एका दुपारी कॉल लागला. गुलाबी भिंत, पोपडे, रिकामी चौकट. मग हात आला, हनुवटी वर उचलली गेली आणि चेहरा मध्ये येऊन थांबला. मुक्ताई होती.

मुक्ताई म्हणजे धायरी फाट्याच्या आतल्या कोपऱ्यावर पालेभाजी विकणारी म्हातारी. जुन्या धायरी गावची, शेतांच्या इमारती झाल्या तरी त्याच जागी पोतं अंथरून बसणारी. शैला धायरीत राहायला आली त्या दिवसापासून मेथी तिच्याकडूनच घ्यायची. मुक्ताई कुणाच्या बापाला न भिणारी. भाव केला की जुडी काढून घेणारी. आणि आता ती त्या हातात तोंड देऊन गप्प बसली होती.

शैलाला पाठ केलेलं वाक्यही आठवेना. मुक्ताईनंच डोळे बारीक केले.

"अगं बया! शैला न्हाय का तू? तू हितं कशी?"

"मावशी, तुम्ही कुठं आहात?"

"हितंच की, हिंमतरावाच्या हालात. बायांना शिलाईची मशीन द्याची हाय म्हनं. त्याचं नाव घालायचं चाललंय."

"मावशी, मशीन नाही, तुमच्या नावानं बँकेत खातं उघडतायत. फोन कुणाचा आहे तो?"

"ह्यांचाच. कार्ड बी ह्यांनीच घातलं त्यात. का गं?"

"उठा तिथून. तुमचं आधार कार्ड हातात घ्या आणि—"

पडदा काळा झाला. कुणीतरी कॅमेऱ्यावर तळहात दाबला होता. क्षणभर नुसती कातडी दिसली, घामेजलेली, रेषांत मळ साचलेली, सगळा पडदा भरून. मग कॉल तुटला.

शैलानं नामंजूर दाबलं, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चेतनला सांगितलं, मी घरी जातेय. चेतन म्हणाला, कस्टमर ओळखीचा असेल तर कॉन्फ्लिक्ट होतो, कॉल दुसऱ्याला द्यायला हवा होता. तोवर ती जिन्यात पोचली होती. स्वारगेटला बस बदलली आणि ती धायरीला उतरली ती सरळ हॉलवर गेली.

हिंमतराव हे त्या भागातलं मोठं प्रस्थ. जमिनी विकून आलेल्या पैशातून बांधलेला कार्यालयाचा हॉल, दरवर्षी नव्या पक्षाचा गमछा, आणि प्रत्येक चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. आधार कार्ड परत मिळेना म्हणून मुक्ताईही अजून त्यांच्यातच. समोर हार घातलेलं शिलाई मशीन. एकच. शेजारच्या टेबलावर स्वस्तातले मोबाइल ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला रबर आणि रबरात एकेका बाईच्या नावाची चिठ्ठी. टेबलामागे पोपट बसला होता, हिंमतरावांचा माणूस. त्याच्या बोटात जांभळ्या खड्याची अंगठी होती आणि तो त्याच हातानं वेफर खात होता.

"आपण कोण?" त्यानं विचारलं.

"शैला सुखदेव ओव्हाळ. हे फोन कुणाचे?"

"लाभार्थ्यांचे."

"मग लाभार्थ्यांना द्या."

पोपटनं बोटं चाटली. आतल्या खोलीतून हिंमतराव बाहेर आले, पांढरेशुभ्र, प्रसन्न. "अहो, शैलाताई! आपल्याच भागातल्या ना तुम्ही? बसा, चहा घ्या. पोपट, ताईंना चहा."

"चहा नको. या बायकांच्या नावानं तुम्ही सिम काढलीत, पॅन काढलीत, खाती उघडताय. यांना सांगितलंय का?"

"योजना म्हटली की खातं लागतंच, ताई. सरकार पैसे काय आता पदरात टाकतं का?"

"कोणती योजना? नाव सांगा."

हिंमतराव हसले. "तुम्ही शिकलेल्या बायका फार प्रश्न विचारता बुवा."

शैला बायकांकडे वळली. तिनं सोप्या शब्दांत सांगितलं की हे फोन तुमच्या नावाचे आहेत, त्यावरून जे होईल ते तुमच्या नावावर होईल, पोलीस आले तर तुमच्या दारात येतील. आपापली कार्डं घ्या आणि घरी जा. मुक्ताई आधीच उठली होती. तिनं टेबलावरचं आपलं आधार कार्ड ओढून घेतलं आणि पोपटला म्हणाली, "तोंडाला हात लावतो व्हय रं माझ्या?" तिच्यामागे आणखी तिघीचौघी उठल्या.

बाकीच्या बसून राहिल्या. एक तरुण बाई, मांडीवर मूल घेऊन बसलेली, चिडून म्हणाली, "तुमच्या घरात समदं हाय, बाई. आमचं मशीन कशाला घालवताय?"

शैला त्या एका हार घातलेल्या मशीनकडे बघत राहिली. तिला हिंमतरावांचा राग आलाच नाही. राग येण्यासाठी माणसाबद्दल थोडीतरी अपेक्षा लागते. तिला फक्त तिथून निघून जाऊन हात धुवावेसे वाटले. घरी गेल्यावर तिनं ते साबणानं पुन्हा पुन्हा धुतले, आणि सुखदेवनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्येच तिनं बँकेच्या तक्रार विभागाला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. नगर रस्त्यावर उतरून तिनं दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा लागला. सुरक्षारक्षकानं ओशाळून सांगितलं, "मॅडम, वरून निरोप आहे." ग्राहकाची माहिती कामाबाहेर वापरली, ग्राहकाशी खासगीत संपर्क केला, ही कारणं तिला मोबाइलवर आली. चेतननं खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

त्यानंतर ती स्वारगेटजवळच्या एका शालेय गणवेशाच्या दुकानात हिशेबाला लागली. पगार कमी. पण गिऱ्हाइकाला शाळा आणि माप एवढंच विचारावं लागायचं, आणि मूल कोण आहे याची कुणालाच पर्वा नव्हती. तिला ते बरं वाटायचं.

उन्हाळ्यात मुक्ताई तिच्या दारात आली. हातात पोलिसांची नोटीस. दुसऱ्या जिल्ह्यात एका निवृत्त शिक्षकाला कुणीतरी फोनवर धमकावून लुबाडलं होतं आणि ते पैसे ज्या खात्यांतून फिरले त्यातलं एक मुक्ताईच्या नावावर होतं.

"पर म्या तर उठून आले व्हते," मुक्ताई म्हणत होती. "तुझ्या देखत उठले व्हते की गं."

दोघी सायबर शाखेत गेल्या. तिथल्या बाई अधिकारी मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, संगणकावर काहीतरी शोधलं आणि पडदा दोघींकडे वळवला.

"खातं मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव वाचा."

शैलानं वाचलं. शैला एस. ओव्हाळ. तारीख, तिला गेटवरून परत पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मुक्ताईला वाचता येत नव्हतं. "कुनाचं नाव हाय?" तिनं विचारलं.

"माझं," शैला म्हणाली.

मुक्ताईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत जो संशय येऊन गेला तो फार थोडा वेळ होता, पण शैलाला तो दिसला. पाव शतक लोकांची नावं तपासण्यात घालवली, आणि आता तिचंच नाव कुणीतरी खुंटीवरच्या कोटासारखं अंगात घालून गेलं होतं.

"मी तेव्हा नोकरीत नव्हते," ती म्हणाली. "माझं कार्ड बंद केलं होतं."

"कार्ड बंद केलं असेल. लॉगिन केलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "थांबा. कॉलचं रेकॉर्डिंग आलंय बँकेकडून."

त्यांनी ते लावलं. मोठ्या चौकटीत मुक्ताई, मागे गुलाबी भिंत. मान थोडी वर, डोळे मिचकावले, ओठ हलले. मान थोडी वर, डोळे मिचकावले, ओठ हलले. हॉलमध्ये आधी कधीतरी काढलेला तुकडा कुणीतरी एका फोनवर पुन्हा पुन्हा चालवून कॅमेऱ्यापुढे धरला होता. नाव सांगणारा आवाज तर मुक्ताईचा नव्हताच. कुठल्यातरी तरुण बाईचा होता. आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत निळ्या कोटातली निकिता. ती खाली बघून, बहुतेक मांडीवरच्या फोनमध्ये बघत, म्हणत होती, "ब्लिंक करा. थँक यू. हॅव अ नाइस डे."

"या तुम्ही नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"आणि ही मी न्हाय," मुक्ताई म्हणाली. ती पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होती. "मेल्यावर बी असंच नाचवतील का गं मला?"

बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं.

नंतर निकिताला बोलावलं तेव्हा ती रडत रडत म्हणाली की चेतन सरांनी सांगितलं, शैला मॅमचं लॉगिन चालू आहे, पेंडिंग कॉल त्याच्यावरून मार. मुक्ताई आरोपी न राहता साक्षीदार झाली. पोपटला अटक झाली आणि काही दिवसांत तो जामिनावर सुटून हॉलच्या पायरीवर बसायला लागला. हिंमतरावांनी जबाब दिला की हॉल त्यांनी फक्त भाड्यानं दिला होता. ठेकेदार कंपनीनं नाव बदललं. चेतन त्याआधीच दुसऱ्या कंपनीत वरच्या जागेवर गेला होता. तिथं त्याच्या हाताखाली फसवणूक ओळखणारी टीम आहे, असं निकितानंच सांगितलं.

खाती बंद करायला शैला बायकांना घेऊन बँकेच्या शाखेत गेली. हॉलमध्ये तिच्यावर चिडलेली, मूल घेऊन बसलेली ती बाईही आता सोबत होती. तिलाही नोटीस आली होती. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला की खातं ऑनलाइन उघडलंय, त्यामुळे बंद करायला ऑनलाइन पडताळणी लागेल, व्हिडिओवर.

मुक्ताईनं पदर तोंडावर घेतला. "मी तोंड दावणार न्हाय," ती म्हणाली. "ज्याला बघायचं त्यानं हितं येऊन बघावं."

"मॅनेजरना बोलवा," शैला म्हणाली. "त्यांना डोळे असतील तर या बायका समोर बसल्यात, असं सांगा."

मॅनेजर आले. बऱ्याच फोनाफोनीनंतर, शाखा बंद व्हायच्या वेळेला, खाती बंद झाली. सगळ्या बायका बाहेर फुटपाथवर आल्या. मुक्ताईनं रस्त्याच्या कडेला थुंकून पदरानं तोंड पुसलं आणि बस कुठून मिळते ते विचारलं.

पावसाळा सरला आणि एका रविवारी सकाळी शैला दूध आणायला खाली उतरली, तर चौकात नवा फ्लेक्स. सायबर सुरक्षा जनजागृती मेळावा. वर हात जोडलेले हिंमतराव, कमरेपासून वर, एका माणसाएवढे. खाली संयोजकांच्या रांगेत पोपटही. आणि उजव्या बाजूला गोलात शैला. 'प्रमुख मार्गदर्शक, सौ. शैलाताई ओव्हाळ'. फोटो तिच्या व्हॉट्सअॅपवरचा, भाचीच्या लग्नातला. शेजारी उभ्या असलेल्या सुखदेवला कापून टाकलं होतं. त्याचा खांदा तेवढा राहिला होता. चेहरा गोरा केला होता आणि ओठांना गुलाबी रंग दिला होता.

ती घरी गेली आणि कापडाची कात्री घेऊन परत आली. शेजारच्या पंक्चरवाल्या कचरूकडून तिनं स्टूल मागितलं. त्यानं काही न विचारता दिलं आणि स्वतः धरून उभा राहिला. चौक रविवारचा, भरलेला. शैला स्टुलावर चढली आणि गोलाच्या कडेकडेनं कापायला लागली. फ्लेक्स जाड होता, कात्री सारखी अडकत होती.

पोपट धावत आला. "अहो ताई, काय हे? साहेबांनी तुमचा सन्मान केलाय!"

"मला विचारलं होतं?"

"सन्मानाला काय विचारायचं?"

शैला कापत राहिली. पोपटनं स्टुलाकडे हात नेला तसा कचरू म्हणाला, "हात नको लावूस." पोपटनं हात मागे घेतला. भोवती माणसं जमली होती, पण हसत कुणी नव्हतं. गोल सुटला, तेव्हा त्या जागी भोकातून मागचा विजेचा खांब दिसायला लागला. शैला खाली उतरली, कचरूला स्टूल दिलं आणि स्वतःचा चेहरा गुंडाळून पिशवीत टाकून दूध न घेताच घरी गेली. घरी तिनं त्याचे बारीक बारीक तुकडे केले. सुखदेवनं केर भरायची सुपली पुढे धरली.

संध्याकाळी मेळावा झालाच. हॉल भरला, असं जिन्यात कुणीतरी म्हणालं, वडापाव होता. ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा त्यांच्या इमारतीच्या दिशेला होता. शैला मेथी निवडत बसली होती. खिडक्या लावूनही आवाज आत येत होता, शब्द मात्र पुसट.

"आपलं नाव घेतलं वाटतं," सुखदेव म्हणाला. तो खिडकीपाशी जाऊन कान देऊन उभा राहिला.

"काय म्हणतायत?"

"प्रकृती बरी नसल्यामुळे ओव्हाळताई येऊ शकल्या नाहीत," तो म्हणाला. "पण त्यांच्या वतीनं हिंमतरावांचे आभार मानतायत."

शैलानं एक किडलेलं पान खुडून बाजूला टाकलं आणि पुढची काडी उचलली.